डिस्क-संच, घरगुती : बिघाड व माहितीचे संरक्षण

संगणकातील माहिती साठविण्यासाठी दोन वा अधिक हार्ड डिस्क एकत्र जोडून केलेल्या आणि संगणकाला एकाच मोठ्या डिस्कसारख्या भासणाऱ्या यंत्रणेला डिस्क-संच किंवा रेड असे म्हणतात. संचातील एखादी डिस्क निकामी झाली, तरी उरलेल्या डिस्कांच्या आधारे सर्व माहिती वाचता यावी, हा अशा बहुतेक संचांचा मुख्य हेतू असतो. मोठ्या संगणककेंद्रांसाठी निघालेली ही रचना पुढे घरगुती वापरातही आली. दोन ते चार डिस्क मावतील अशी, घरातील संगणकजालाला जोडलेली एक लहान पेटी (नॅस), हे तिचे घरातील नेहमीचे स्वरूप होय. कुटुंबाची छायाचित्रे, चलच्चित्रे, ध्वनिमुद्रणे, शेतीचे व व्यवसायाचे हिशेब आणि कागदपत्रांच्या प्रतिमा अशा पेटीत साठविल्या जातात. संच एका डिस्कच्या बिघाडापासून संरक्षण देतो. परंतु संच म्हणजे माहितीची दुसरी प्रत नव्हे. घरगुती संचांतील माहिती कायमची नष्ट होण्याचे प्रसंग पुष्कळदा हा भेद ध्यानात न घेतल्याने ओढवतात. तज्ञ व सुटे भाग सहज उपलब्ध नसलेल्या धारणीसारख्या (जि. अमरावती) तालुक्यात या भेदाचे महत्त्व अधिकच वाढते.

इतिहास : फिरत्या चुंबकीय तबकड्यांवर माहिती साठविणारे पहिले व्यापारी यंत्र अमेरिकेच्या आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणले. त्यात सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या होत्या व त्यांवर सु. ५० लक्ष अक्षरे मावत. पुढील तीन दशकांत तबकड्यांचा आकार घटत गेला व धारणक्षमता वाढत गेली [⟶ संगणक]. निकामी झालेल्या संग्रहणघटकावरील माहिती इतर घटकांवरून परत मिळविण्याच्या पद्धतीचे एकस्व आयबीएममधील नॉर्मन केन औची यांना १९७८ मध्ये मिळाले. कॅलिफोर्निया विद्यापीठातील (बर्कली) डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या विषयाची पद्धतशीर मांडणी केली आणि ‘रेड’ ही संज्ञा रूढ केली. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त, लहान डिस्क वापराव्यात, असा त्यांचा विचार होता. मात्र डिस्कांची संख्या वाढली की त्यांपैकी एखादी तरी बिघडण्याची शक्यताही वाढते. म्हणून काही जागा जादा माहितीसाठी राखून ठेवावी व तिच्या साहाय्याने बिघाड भरून काढावा, असे त्यांनी सुचविले. या जादा माहितीमागील गणित रिचर्ड हॅमिंग (१९५०) व इतर संशोधकांच्या त्रुटिशोधन-संकेतांपर्यंत मागे जाते.

रचना व प्रकार : माहितीची विभागणी व जादा माहितीची मांडणी यांनुसार संचाचे प्रकार पडतात. रेड-० या प्रकारात माहितीचे तुकडे सर्व डिस्कांवर वाटून लिहिले जातात. यामुळे वेग वाढतो. परंतु जादा माहिती मुळीच नसल्याने एक डिस्क जाताच संपूर्ण संच निरुपयोगी होतो. रेड-१ या प्रकारात प्रत्येक गोष्ट दोन डिस्कांवर जशीच्या तशी लिहिली जाते. धारणक्षमता निम्मी होते, पण रचना सर्वांत सोपी असल्याने बिघाडाच्या वेळी माहिती परत मिळविणेही तुलनेने सोपे जाते. रेड-५ मध्ये एका डिस्कइतकी व रेड-६ मध्ये दोन डिस्कांइतकी जागा जादा माहितीस दिलेली असते. रेड-१० हा जोडीजोडीने प्रती करून त्या जोड्यांवर माहिती वाटून देणारा मिश्र प्रकार होय. प्रत्येकी ४ टेराबाइटच्या चार डिस्क घेतल्यास रेड-५ मध्ये १२, तर रेड-६ व रेड-१० मध्ये ८ टेराबाइट जागा वापरास मिळते. (एक टेराबाइट म्हणजे एक लाख कोटी बाइट.)

रेड-५ मधील जादा माहितीस समता-अंक (पॅरिटी) म्हणतात. तीन डिस्कांवर एकाच क्रमांकाच्या जागी अनुक्रमे १, ० व १ हे अंक लिहिलेले आहेत, असे समजू. चारही डिस्क मिळून १ या अंकांची संख्या सम यावी, अशा रीतीने चौथ्या डिस्कवरील अंक ठरविला जातो. येथे दोन एक आधीच असल्याने तो ० येतो. आता दुसरी डिस्क निकामी झाली, तर उरलेले अंक १, १ व ० हे होत. त्यांतील एकांची संख्या समच आहे, म्हणून हरवलेला अंक ० असला पाहिजे. या रीतीने प्रत्येक हरवलेला अंक काढता येतो. परंतु दोन डिस्क एकाच वेळी गेल्या, तर एका समीकरणात दोन अज्ञात राशी राहतात व उत्तर मिळत नाही. रेड-६ मध्ये दुसरे, वेगळे समीकरण ठेवलेले असल्यामुळे दोन डिस्कांचा बिघाड सोसता येतो.

निकामी डिस्कच्या जागी नवी डिस्क बसवून तिच्यावर हरवलेले अंक पुन्हा लिहिण्याच्या क्रियेस पुनर्रचना म्हणतात. तीस वेळ लागतो. ८ टेराबाइटची डिस्क सेकंदास सरासरी १५० मेगाबाइट या वेगाने भरत गेली, तर सु. १५ तास लागतात. त्याच वेळी संच वापरात असून वेग एकतृतीयांशावर आला, तर सु. ४४ तास. रेड-५ मध्ये या काळात संचाला कोणतेही संरक्षण नसते. शिवाय उरलेल्या सर्व डिस्क पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत वाचाव्या लागतात आणि एरवी वर्षानुवर्षे न वाचलेल्या भागांतील दोष याच वेळी उघडकीस येतात. अनेक घरगुती डिस्कांच्या माहितीपत्रकांत शंभर लाख कोटी बिट, म्हणजे १२.५ टेराबाइट वाचनामागे जास्तीत जास्त एक न सुधारता येणारी चूक, अशी मर्यादा दिलेली असते. प्रत्यक्षातील प्रमाण सहसा याहून पुष्कळ कमी असते. तरीही मोठ्या डिस्कांच्या संचात रेड-५ पुरेसा मानला जात नाही, याचे कारण यावरून कळते.

संचाने न टळणारी हानी : चुकून पुसलेली फाइल संचातील सर्व डिस्कांवरून त्याच क्षणी पुसली जाते. खंडणीखोर संगणक-प्रणालीने माहिती कुलूपबंद केल्यास ती सर्वत्र कुलूपबंद होते; मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ या प्रणालीच्या प्रसाराने हा धोका जगभर लोकांच्या लक्षात आला. चोरी, आग, पूर व वीज यांपुढे एकाच पेटीतील सर्व डिस्कांची गती एकच असते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्यातील नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा अनेक घरांतील पोथ्या, हस्तलिखिते व छायाचित्रे नष्ट झाली. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या संग्रहातील जुने नायट्रेट चित्रपट ८ जानेवारी २००३ रोजी लागलेल्या आगीत जळाले. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला व असंख्य तळमजल्यांत पाणी भरले. या घटनांत साठवणीची साधने वेगवेगळी होती; परंतु जेथे एकमेव प्रत एकाच जागी होती, तेथे हानी भरून निघाली नाही. डिस्कांची संख्या वाढविल्याने या स्थितीत फरक पडत नाही.

बिघाडाची कारणे व लक्षणे : चालू डिस्कमध्ये वाचन-लेखन करणारे शीर्ष मिनिटास ५,४०० वा ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवरून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. धक्का बसल्यास किंवा धुळीचा कण शिरल्यास ते तबकडीला घासते व चुंबकीय थर खरवडला जातो. धारव्यांची झीज, विद्युत् मंडलातील दोष, विजेच्या दाबातील चढउतार व अतिउष्णता ही बिघाडाची इतर कारणे होत. एकाच दिवशी, एकाच खेपेतील डिस्क घेऊन संच केल्यास त्यांचे वय व त्यांनी सोसलेला ताण सारखाच असल्याने त्या जवळजवळच्या काळात बिघडण्याची भीती असते.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. या सोयीस ‘स्मार्ट’ असे नाव आहे. वाईट ठरवून बदललेल्या विभागांची संख्या, वाचता न आल्याने निर्णय राखून ठेवलेल्या विभागांची संख्या आणि न सुधारलेल्या चुका या तीन नोंदी विशेष महत्त्वाच्या होत. त्यांतील आकडा शून्यावरून वर जाऊ लागला की डिस्क बदलण्याची तयारी करावी. याउलट, जोडतारेतील संदेशवहनाच्या चुकांची नोंद तेवढी वाढत असेल, तर दोष बहुधा तारेत किंवा तिच्या जोडात असतो. अशा वेळी चांगली डिस्क फेकून देण्याची चूक घडू शकते. गूगल कंपनीतील संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कांच्या निरीक्षणावरून २००७ मध्ये काढलेले निष्कर्ष उद्‌बोधक आहेत. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळलेल्या डिस्क पुढील ६० दिवसांत बिघडण्याची शक्यता निर्दोष डिस्कांच्या ३९ पट होती. मात्र निकामी झालेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी तापमानाव्यतिरिक्त कोणतीही पूर्वसूचना दिलेली नव्हती. त्याच वर्षी बियांका श्रोडर व गार्थ गिब्सन यांनी दाखवून दिले, की प्रत्यक्ष वापरात दर वर्षी बदलाव्या लागणाऱ्या डिस्कांचे प्रमाण सामान्यतः २ ते ४ टक्के असते व ते निर्मात्यांच्या आकड्यांवरून अपेक्षिलेल्या प्रमाणापेक्षा बरेच अधिक आहे. तात्पर्य, इशारा मिळाला तर तो खरा मानावा. परंतु इशारा नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

ठराविक अंतराने येणारा ‘टक्‌-टक्’ आवाज, फाइल उघडण्यास लागणारा असाधारण विलंब, फाइलींची नावे विद्रूप दिसणे, पेटीवरील दिव्याचा रंग बदलणे व संचातून एखादी डिस्क आपोआप वगळली जाणे ही बाह्य लक्षणे होत. वगळलेली प्रत्येक डिस्क मेलेलीच असते असे नाही. साध्या संगणकासाठी केलेल्या काही डिस्क वाईट विभाग वाचण्याचा प्रयत्न दीर्घकाळ करीत राहतात आणि काही सेकंदच वाट पाहणारी संचाची यंत्रणा त्यांना मृत ठरविते. चुंबकीय पट्टे कौलांसारखे एकमेकांवर अंशतः चढवून लिहिणाऱ्या (एसएमआर) डिस्कांचा लेखनवेग सततच्या लेखनात फार मंदावतो. त्यामुळे पुनर्रचना लांबते किंवा अर्धवट थांबते. नॅस-पेट्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क याच प्रकारच्या असल्याचे २०२० मध्ये उघड झाले. म्हणून खरेदीपूर्वी डिस्कचा प्रकार पाहणे आवश्यक ठरते.

धारणी परिसरातील परिस्थिती : अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा हे दोन तालुके मिळून मेळघाट होतो. सातपुड्याच्या रांगा, तापी व सिपना यांची खोरी आणि व्याघ्रप्रकल्पाचे दाट जंगल यांनी हा प्रदेश वेढलेला आहे. धारणी अमरावतीपासून परतवाडा, सेमाडोह व हरिसालमार्गे सु. १५० किमी. दूर आहे. शासनाने २०१६ च्या सुमारास याच तालुक्यातील हरिसाल हे ‘डिजिटल गाव’ म्हणून विकसित करण्यास घेतले. तेव्हापासून संगणकीय साठवणीचा प्रश्न या भागात केवळ शहरी राहिलेला नाही. दुकानदार, शिक्षक, छायाचित्रकार, आरोग्यसेवक व स्वयंसेवी कार्यकर्ते यांच्या घरी वर्षानुवर्षांची माहिती साठत असते.

येथील हवामान डिस्कांना अनुकूल नाही. चिखलदऱ्याच्या मानाने धारणी सखल भागात असल्याने उन्हाळा कडक असतो. वऱ्हाडच्या मैदानात तर मे महिन्यात पारा ४५° से. वर जातो. साधारण घरगुती डिस्कची कार्यतापमानाची मर्यादा ६०° से.च्या आसपास असते व पेटीतील डिस्क खोलीच्या तापमानापेक्षा बरीच तापलेली असते. टिनाच्या छपराखालील बंद खोलीत ही मर्यादा सहज गाठली जाते. पावसाळ्यात दमट हवा व किडे, तर उन्हाळ्यात धूळ पंख्याच्या जाळीत अडकून वारा कोंडतो. वीजवाहिन्या जंगलातून लांबवर आलेल्या असल्याने वादळी पावसात पुरवठा वारंवार खंडित होतो व परत येताना दाबात चढउतार होतात. समता-अंक लिहिला जात असतानाच वीज गेल्यास माहिती व समता-अंक यांचा मेळ बसत नाही आणि हा दोष पुढील पुनर्रचनेपर्यंत लपून राहू शकतो. यासाठी पेटीला चांगले अर्थिंग, दाबवाढरोधक साधन व यूपीएस असणे आवश्यक आहे. वीज गेल्यावर काही मिनिटांत पेटीला स्वतः बंद होण्याचा संदेश देणारा यूपीएस अधिक चांगला. घरातील साध्या इन्व्हर्टरचा पुरवठा सुरू होण्यात क्षणाचा खंड पडत असल्याने त्यावरच विसंबू नये. आकाशात विजा चमकू लागताच पेटी रीतसर बंद करून वीज व संगणकजाल या दोन्हींच्या तारा काढणे, हा स्वस्त व खात्रीचा उपाय होय.

कोणती माहिती पुन्हा मिळू शकते व कोणती नाही, याचा विचार येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. सातबाराचा उतारा महसूल विभागाच्या संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतो. अनेक शासकीय प्रमाणपत्रे २०१५ मध्ये सुरू झालेल्या डिजिलॉकरमधून परत मिळतात. परंतु २००६ च्या वन हक्क अधिनियमाखालील दाव्यासाठी जमविलेल्या जुन्या कागदांच्या प्रतिमा, मूळ कागद वाळवीने खाल्ल्यावर, कोठूनही मिळत नाहीत. कोरकू ही मुंडा गटातील भाषा असून तिच्यातील गाणी व कथा मुख्यतः मौखिक आहेत. एखाद्या वृद्ध गायिकेच्या आवाजातील ध्वनिमुद्रण नष्ट झाले व ती गायिकाही हयात नसेल, तर ती हानी केवळ त्या कुटुंबाची राहत नाही.

बिघाड आढळल्यानंतरची कृती : पहिला नियम असा, की संचावर नवे काहीही लिहू नये. घरातील सर्वांना वापर थांबविण्यास सांगावे. दिसणारा संदेश, प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक व ती कोणत्या खणात आहे, हे कागदावर लिहून घ्यावे व शक्य तर पडद्याचे छायाचित्र काढावे. डिस्क बाहेर काढावयाची असल्यास तिच्यावर खणाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. रेड-५ संचातील एक डिस्क बिघडली असता चुकून दुसरी, चांगली डिस्क बाहेर काढणे, हा वारंवार घडणारा व घातक प्रमाद होय.

दुसरा नियम क्रमाचा आहे. संच अजून वाचता येत असेल, तर आधी माहितीची प्रत करावी, मगच पुनर्रचना. नवी डिस्क बसवून पुनर्रचना सुरू करण्याचा मोह साहजिक असतो. पेटीवरील सूचनाही तसेच सुचविते. परंतु पुनर्रचना म्हणजे उरलेल्या वृद्ध डिस्कांची कठोर परीक्षा असते. तीत एखादी डिस्क अपयशी ठरली, तर जे कालपर्यंत वाचता येत होते, तेही हातचे जाते. प्रत करतानाही प्राधान्य ठरवावे : प्रथम पुन्हा न मिळणारी माहिती, नंतर कष्टाने मिळणारी, शेवटी कोठूनही आणता येणारे चित्रपट व गाणी. खोलीत गारवा असताना, म्हणजे रात्री वा पहाटे, पेटीचे झाकण न काढता बाहेरून पंख्याचा वारा देऊन हे काम करावे. स्वतंत्र प्रत आधीपासून असेल व ती तपासलेली असेल, तरच सरळ पुनर्रचनेस हात घालण्यास हरकत नाही.

डिस्क अंशतः वाचली जात असेल, तर तिच्यावर दुरुस्तीची प्रणाली चालवू नये. अशा प्रणाली डिस्कवर लिहितात व उरलेली रचनाही बिघडवू शकतात. प्रथम डिस्कची बिटागणिक प्रतिकृती तितक्याच वा अधिक क्षमतेच्या दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. यासाठी ‘डीडीरेस्क्यू’ ही मुक्त प्रणाली उपयुक्त आहे. ती आधी सहज वाचले जाणारे भाग उतरवून घेते, कठीण भाग शेवटी ठेवते व काय वाचले याचा नकाशा राखते. त्यामुळे मध्येच वीज गेली, तरी काम पुढे चालू करता येते. दुरुस्तीचे सर्व प्रयोग प्रतिकृतीवर करावेत, मूळ डिस्कवर नव्हे. पेटीच बिघडली असून डिस्क चांगल्या असतील, तर त्याच निर्मात्याच्या जुळणाऱ्या पेटीत त्या त्याच क्रमाने बसवून संच बहुधा वाचता येतो. मात्र नवी पेटी ‘प्रारंभीकरण’ वा ‘फॉरमॅट’ करण्याविषयी विचारील, तेव्हा नकार द्यावा.

डिस्क खटखटत असेल, खरवडल्यासारखा आवाज करीत असेल किंवा मुळीच फिरत नसेल, तर ती पुनःपुन्हा सुरू करून पाहू नये. प्रत्येक फेऱ्याबरोबर उरलेला थर घासला जाण्याची शक्यता असते. डिस्क शीतकपाटात ठेवण्याचा, तिच्यावर ठोकण्याचा वा ती घरी उघडण्याचा उपाय लोकांत प्रचलित आहे, तो टाळावा. शीतकपाटातून काढलेल्या डिस्कमध्ये दव साचते आणि उघडलेल्या डिस्कमध्ये धूळ शिरते. अशी डिस्क धूलिमुक्त कक्ष असलेल्या प्रयोगशाळेत उघडावी लागते. अशा सेवा मुख्यतः मुंबई, पुणे यांसारख्या मोठ्या शहरांत उपलब्ध असून त्या खर्चिक असतात आणि त्यांच्या यशाची हमी नसते. डिस्क पाठविताना ती स्थितिक विद्युत्‌रोधक पिशवीत घालून जाड फेसपट्ट्यांत घट्ट बसवावी. घाटरस्त्याच्या प्रवासात पेटीतच डिस्क ठेवून पाठविणे धोक्याचे असते.

स्वतंत्र प्रती : माहितीच्या तीन प्रती, दोन भिन्न साधनांवर व त्यांपैकी एक अन्यत्र, हा ‘३-२-१’ नियम अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी २००५ च्या सुमारास रूढ केला. घरगुती वापरासाठी तो आजही पुरेसा आहे. डिस्क-संच ही या हिशेबात एकच प्रत धरावी. दुसरी प्रत बाहेरून जोडावयाच्या डिस्कवर असावी व प्रत झाल्यावर ती डिस्क तारेपासून अलग करून कपाटात ठेवावी; जोडलेली डिस्क वीज व खंडणीखोर प्रणाली या दोहोंच्या तावडीत सापडते. तिसरी प्रत दुसऱ्या गावी असावी. क्लाउडमधील साठवण हा शहरांत सोयीचा मार्ग आहे. धारणीसारख्या ठिकाणी मात्र वेगाचा हिशेब पाहावा लागतो. सेकंदास १० मेगाबिट या अखंड वेगाने २ टेराबाइट माहिती वर पाठविण्यास सु. १८ दिवस लागतात; तीच माहिती डिस्कवर उतरविण्यास सहा तास पुरतात. म्हणून परतवाडा, अमरावती वा अकोला येथील नातेवाइकाच्या घरी एक डिस्क ठेवणे व दर फेरीत तिची अदलाबदल करणे, हा येथे व्यवहार्य मार्ग ठरतो. अत्यंत महत्त्वाच्या काही गिगाबाइट फाइली तेवढ्या क्लाउडमध्ये ठेवाव्यात.

प्रत झाली असे दाखविणारा संदेश पुरेसा नसतो. प्रतीवरून काही फाइली दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहिल्याखेरीज प्रत खरी मानू नये. महिन्यातून एकदा संचाची अंतर्गत तपासणी चालवावी, म्हणजे लपलेले दोष पुनर्रचनेपूर्वीच उघड होतात. संचात वेगवेगळ्या खेपांतील डिस्क असाव्यात व एक डिस्क शिलकीत ठेवावी. दूरच्या तालुक्यात नवी डिस्क येईपर्यंतचे दिवस हेच सर्वाधिक धोक्याचे दिवस असतात. संकेतशब्दाने कुलूपबंद केलेल्या संचाचा संकेतशब्द कागदावर लिहून कुटुंबातील दुसऱ्या विश्वासू व्यक्तीकडे द्यावा.

या दोन्ही तत्त्वांचे, म्हणजे विखुरलेल्या प्रतींचे व कुलपाच्या किल्लीचे, जुने उदाहरण वऱ्हाडातच आहे. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या आठवणी अनेकांना भेटून जमविल्या व लीळाचरित्र सिद्ध केले. मूळ पोथी पुढे परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली. तेव्हा हिराइसा प्रभृती अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली, असे पंथाची परंपरा सांगते. अनेकांच्या स्मरणामुळे ग्रंथ वाचला, परंतु पाठभेदही निर्माण झाले आणि पुढील संपादकांना वेगवेगळ्या पोथ्या ताडून पाहाव्या लागल्या. पंथाने आपले ग्रंथ पुढे सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. पोथ्या सुरक्षित राहिल्या. पण विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्या लिपीची किल्ली अभ्यासकांना कळेपर्यंत पंथाबाहेरील वाचकांना त्या असून नसल्यासारख्या होत्या [⟶ महानुभाव पंथ].

डिस्कचे आयुष्य माणसाच्या आयुष्याच्या मानाने फार थोडे असते. साधारणतः पाच वर्षांनंतर प्रत्येक डिस्क संशयास्पद मानावी व माहिती नव्या साधनावर उतरवून घ्यावी. जुन्या पोथीची नक्कल करताना ती करणाऱ्याला पोथी वाचावी लागे. त्याचप्रमाणे या स्थलांतराच्या वेळी प्रत्येक ध्वनिमुद्रणाला व छायाचित्राला व्यक्ती, गाव व वर्ष यांची नोंद जोडावी. अशी नोंद नसलेली माहिती डिस्कवर शाबूत राहिली, तरी पुढच्या पिढीला ओळखता येत नाही.